सगळ्यांना मिळालेलं मेडल

देव चिखलात हाताने चाचपून शोधावे लागले. २२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारी दोघी मिळून महाडात शिरल्या आणि आमच्या तळमजल्यावर पाणी देव्हाऱ्याच्या कळसाच्या वर गेलं. उतरलं तेव्हा मागे गुडघाभर गाळ. त्याच दिवशी तळियेत डोंगर खाली आला आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. त्यापुढे आमचा चिखल म्हणजे काहीच नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बायको परातीत गाळ घेऊन निवडत होती, तांदळातले खडे निवडावेत तशी. बाळकृष्ण सापडला, अन्नपूर्णा सापडली, घंटा, शंख, तीन टाक सापडले. मग तिच्या हाताला पत्र्याचा एक डबा लागला. झाकण गंजून बसलं होतं. उलथन्याने उचकटलं तर आत आबांची, माझ्या वडिलांची, मेडलं.

आई त्यांना बिल्ले म्हणायची. डबा देव्हाऱ्याच्या मागे, भिंत आणि लाकूड यांच्यातल्या फटीत असायचा. आई गेल्यापासून तो कोणी उघडला नव्हता. फितींचा पार लगदा झाला होता, कुठली कुठल्या मेडलाची ते कळेना. मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "बाबा, फिती नव्या मिळतात. काचेची फ्रेम करू, हॉलमध्ये लावू." बायको म्हणाली, "एवढी वर्षं देवामागे होते, आता देवातच ठेवू." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "चालतं का हो?"

मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचो. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतो. त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात. सोवळं कधी फिटतं, एकादशीला साबुदाणा चालतो का, असे प्रश्न मी दोन मिनिटांत निकालात काढतो. या प्रश्नाला मात्र मी म्हणालो, "आधी धुऊन तर घे."

आबा पोलादपूरच्या पुढे उमरठच्या वाटेवरच्या एका वाडीतले. उमरठ म्हणजे तानाजी मालुसऱ्यांचं गाव, तिथे त्यांची समाधी आहे. आमच्या मुलखात सैन्यात जाणं ही काही बातमी नव्हे. महाड तालुक्यात तर एका गावाचं नावच फौजी आंबवडे. पण आमचा माणूस जायचा तो पलटणीत. नेव्हीत जाणं म्हणजे डोंगरातल्या माणसाने उगाच वाकडी वाट धरणं. खरं तर समुद्र आमच्यापासून फार लांब नाही, भरतीचं पाणी खाडीने महाडपर्यंत येतं. दासगावला बोटी लागायच्या. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून आले ते बोटीनेच, दासगावच्या बंदरावर उतरून. समुद्र आमच्याकडे येतो, आम्ही त्याच्याकडे जात नाही, एवढंच. आबा गेले. १९६२ ला भरती झाले, लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'वर इंजिनाचं काम शिकले आणि स्टोकर झाले. स्टोकर म्हणजे बॉयलरवाला. आजोबांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ते लोकांना सांगायचे, "पोरगा आरमारात आहे." पुढे कोणी विचारलं की तिथे काय करतो, तर म्हणायचे, "चूल पेटवतो."

१९७१ च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध झालं तेव्हा, आबा 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावर होते. मी सात वर्षांचा. मुंबईत काचांना काळे कागद लावले होते म्हणे. आमच्या वाडीत ब्लॅकआउट पाळायला वीजच नव्हती. संध्याकाळी पाटलांच्या ओटीवर रेडिओभोवती माणसं जमायची आणि बातम्यांत विक्रांतचं नाव आलं की सगळे माझ्या आजीकडे बघायचे. आजी पदराने तोंड झाकून घ्यायची. अभिमानाने की भीतीने, ते मला तेव्हा कळलं नाही.

डब्यातली मेडलं पाच. १९६५ चं रक्षा मेडल. १९७१ ची पूर्वी स्टार, पाच टोकांची तांबूस चांदणी. संग्राम मेडल. १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्याचं एक. नऊ वर्षं नोकरी झाली त्याचं एक. यातलं शौर्याचं एकही नाही. १९६५ च्या युद्धात तर विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला होती आणि आबाही मुंबईतच. मेडल आलं ते आलंच. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ पासून पुढच्या वर्षीच्या २० डिसेंबरपर्यंत युद्धाच्या टापूत सेवेत असलेल्या झाडून सगळ्यांना मिळालं. तोफ डागणाऱ्याला मिळालं, भाजी चिरणाऱ्याला मिळालं, हिशेबाची वही लिहिणाऱ्यालाही मिळालं.

हे गावाला माहीत होतं. गाव कुठलीही गोष्ट माहीत करून घेतंच. पारावर आबा दिसले की मराठा पलटणीतून सुटून आलेला एक म्हातारा हमखास म्हणायचा, "ते सगळ्यांनाच देतात." त्याच्या बोलण्याला धार होती, कारण आमच्या जिल्ह्यापुढे मोजमाप मोठं होतं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, बरोबरची सगळी माणसं पडल्यावर हा बावीस वर्षांचा पोरगा एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला. ती त्याने बंद पाडली आणि तिथेच गोळी लागून मेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला पुतळा आहे. तिथे कर्ता कोण, हे कोणाला विचारावं लागत नाही. एक माणूस, एक धाव, एक मेडल.

आबांच्या मेडलात असा माणूस सापडत नाही. ते स्वतःच तसं सांगायचे. बॉयलर रूम जहाजाच्या पोटात, पाण्याच्या रेषेखाली. तिथून आकाश दिसत नाही, समुद्र दिसत नाही, शत्रू तर नाहीच. चार तासांची पाळी, अंगावर घामाचा पाट, समोर वाफेच्या दाबाचं घड्याळ. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला, त्यामुळे जहाजाचा वेग बेताचा, आणि वेग बेताचा म्हणून विमान उडवायची चिंता. विमानाला डेकवरून ढकलून देणारी कॅटापल्टही वाफेवरच चालायची. आबा म्हणायचे, "वर विमान सुटलं की खाली काटा थरथरायचा. आम्हाला लढाई एवढीच दिसली. काटा खाली आला की समजायचं, गेलं एक."

४ डिसेंबरला सी हॉक विमानं सुटली ती कॉक्स बझारवर आणि चितगावावर. पुढचे दिवसही तेच. विमानतळ, बंदर, बंदरातली जहाजं. म्हणजे खाली बॉम्ब पडले आणि त्या बॉम्बखाली माणसं होती. ती कोणी मारली?

आता गीतेकडे येतो. युद्ध आणि गीता म्हटलं की लोकांना दुसरा अध्याय आठवतो. मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. तो हिशेब मला कधी फार आवडला नाही, आणि भगवंतालाही तो शेवटचा शब्द म्हणून अभिप्रेत नसावा, नाहीतर पुढे सोळा अध्याय कशाला बोलला असता? माझ्या कामाचं सापडलं ते अठराव्यात. तिथे सांगितलंय की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. आणि या पाचांना सोडून जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याला काही दिसत नाही.

वर्गात हे शिकवताना मी कुंभार आणि मडक्याचं उदाहरण द्यायचो. माती, चाक, कुंभार वगैरे. मुलं जांभया द्यायची. खरं उदाहरण घरात पत्र्याच्या डब्यात पडलं होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. विक्रांतवर हजारावर माणसं. वैमानिकाने कळ दाबली, पण विमान उडालं कॅटापल्टमुळे, कॅटापल्ट चालली वाफेवर, वाफ केली पोलादपूरच्या माणसाने, त्याला सकाळी चपात्या भाजून घातल्या आणखी कोणी. त्या दिवशी वारा किती वाहिला हे पाचव्याच्या हातात. एकट्याचं नाव कुठे घालणार? शौर्यपदक द्यायला एक कर्ता लागतो. तो कुठेतरी असतोच, घाडग्यांसारखा. पण संग्राम मेडल ज्याने काढलं त्याने, कळत असो वा नकळत, अठराव्या अध्यायाप्रमाणे काढलंय. पारावरचा म्हातारा हिणवायला जे बोलायचा तेच त्या मेडलाचं खरेपण आहे, असं मला आता वाटतं.

पण याच्या पुढचा श्लोक फार निसरडा आहे. ज्याच्या मनात मीपणा नाही, तो या सगळ्यांना मारूनही मारत नाही आणि बांधला जात नाही, अशा अर्थाचा. या श्लोकावरून किती जणांनी हात धुऊन घेतले असतील! आमच्याकडे सप्ताहाला आलेल्या एका महाराजांनी आबांना हाच सांगितला होता. आबांनी निवृत्तीनंतर माळ घातली होती. ते पुढे बसून ऐकत होते. महाराज म्हणाले, तुम्ही निमित्तमात्र, पाप तुम्हाला शिवत नाही. आणि लगेच पुढे म्हणाले, तरी पण ती मेडलं देव्हाऱ्याजवळ नकोत, हिंसेची वस्तू आहे. आबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पाप शिवत नाही तर मेडल कसं शिवतं?"

नंतर एकदा, मी कॉलेजात असताना, म्हणाले, "मेडल सगळ्यांत वाटलं ना? मग तेही सगळ्यांत वाटलं जायला हवं. आपल्या वाट्याला किती येतं?" ते म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यांच्या मनात काय होतं हे मला 'गाझी'वरून कळलं. पाकिस्तानची ही पाणबुडी बंगालच्या उपसागरात आली ती विक्रांतलाच शोधायला. विक्रांत तेव्हा अंदमानात होती आणि विशाखापट्टणमजवळ 'राजपूत' नावाची जुनी विनाशिका आपणच विक्रांत असल्याचं सोंग करत, तसे संदेश पाठवत फिरत होती. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली, आतल्या सगळ्या माणसांसह. नव्वदच्या आसपास होती. आपलं म्हणणं, राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जने बुडाली. त्यांचं म्हणणं, त्यांच्याच सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने. पन्नास वर्षं उलटली, वाद मिटलेला नाही. म्हणजे इथे तर कर्ता कोण हेच ठरत नाही. गीतेतलं पाचवं कारणच वर येऊन बसलंय. आबांना मात्र त्या वादात रस नव्हता. ते म्हणायचे, "ते आम्हाला शोधत होते. आम्ही सापडलो नाही म्हणून ते गेले." आणि ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात आपली युद्धनौका 'खुकरी' गेली, पाकिस्तानच्याच एका पाणबुडीने मारली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. खुकरीच्या बॉयलर रूममध्येही आबांसारखेच स्टोकर होते, पाण्याच्या रेषेखाली. लोणावळ्याला आबांबरोबर शिकलेला एक जण त्यांत होता. त्याचं नाव आबा कधी पुरं घ्यायचे नाहीत, "आमचा तो" एवढंच म्हणायचे.

माझा एक मित्र महाडच्या बौद्धवाडीतला. गंधारपाल्याच्या लेण्यांवर आम्ही शाळेत असल्यापासून जायचो. तो शिकून मोठा झाला, पाली शिकला. एकदा आबांसमोर त्याने संयुत्त निकायातली गोष्ट सांगितली. योधाजीव नावाचा एक लढवय्यांचा पुढारी बुद्धाला विचारतो, लढता लढता मेलेला योद्धा स्वर्गात जातो असं आमचे जुने गुरू सांगत आले, आपलं काय मत? बुद्ध म्हणतात, राहू दे, हे मला विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात, की हे मरोत, यांचा नाश होवो अशा मनाने जो लढतो आणि मरतो, त्याची गती नरकाकडे आहे. तो पुढारी रडायला लागतो. बुद्ध म्हणतात, म्हणून तर सांगत नव्हतो. तो म्हणतो, तुमच्या उत्तराने रडत नाही, त्या गुरूंनी इतके दिवस फसवलं म्हणून रडतोय.

मला वाटलं आबा दुखावतील. आबांनी विडी विझवली आणि म्हणाले, "दोनदा नको म्हणाला? मग तो खरा माणूस." माळ घातल्यावर बाकी सगळं सुटलं होतं, विडी तेवढी सुटली नव्हती.

आपल्याकडच्या वीरगळांनी हा प्रश्न कधी दोनदा टाळला नाही. खाली लढाई, मध्ये अप्सरा उचलून नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, त्याच्याही वर चंद्र-सूर्य. तीन टप्प्यांत माणूस पोहोचला. मी बोरिवलीला मेव्हण्याकडे गेलो की एक्सरच्या वीरगळांपाशी एकदा जाऊन येतो. ते नेहमीच्या वीरगळांसारखे नाहीत, त्यांवर आरमारी लढाई आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या, तेराव्या शतकातल्या लढाईचे ते आहेत असं बरेच अभ्यासक मानतात. ओळीने गलबतं आणि गलबतांच्या कडेला वल्ही, एकसारखी, एकाला एक लागून. वीर वर कैलासात जाऊन बसलाय. वल्ही मारणारे खालच्या पट्टीतच राहिले. मी तिथे उभा राहतो तो त्यांच्यासाठी.

आता आबा काय करायचे ते सांगतो. सर्वपित्री अमावास्येला ते सावित्रीवर जायचे. आधी आजोबा-पणजोबा, मग मातुल, मग सगळं यादीप्रमाणे. शेवटी तर्पणात एक जागा असते, आपल्या कुळाचे नसलेले, कोणीच पाणी द्यायला नसलेले, ज्यांना आपल्या हातचं पाणी हवं असेल अशांसाठी. बाकीचे लोक तिथे एक ओंजळ सोडून उठतात. आबा तिथे बसूनच राहायचे. एकदा भटजींनी विचारलं, "कोणासाठी एवढं?" आबा म्हणाले, "खुकरीच्यांसाठी. आणि गाझीवाल्यांसाठी." भटजी घुटमळले. म्हणाले, "ते मुसलमान. त्यांना तीळपाणी कसं पोहोचेल?" आबा म्हणाले, "बुडालेल्यांना पाणी पोहोचायला अडचण नसावी."

ही गोष्ट मी भटजींची चूक दाखवायला सांगत नाही. त्यांना शंका आली ती शास्त्राला धरूनच होती. पण शास्त्राच्या मागेही काही आहे. महाभारतात युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येतं. त्यात युधिष्ठिर दोन्हीकडच्या मेलेल्यांचं दहन करवतो, ज्यांचं कोणी नाही, जे दूर देशांतून आले, त्यांचंही. मग सगळे गंगेवर पाणी द्यायला जातात आणि तिथे कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचाच होता. ज्याला शत्रू म्हणून मारलं त्याचं नातं ओंजळ भरल्यावर कळलं. गीता युद्धाच्या आधी सांगितली, पाणी युद्धानंतर दिलं. आपण पारायण पहिल्याचं करतो.

आबा २०११ ला गेले. पुढे २०१४ ला विक्रांत मोडीत काढली, मुंबईतच. तिच्या लोखंडाचा अंश घालून बजाजने मोटरसायकल काढली, आणि आमच्या शेजारच्या मुलाने ती घेतली. पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवून त्याने मला सांगितलं, "सर, यात विक्रांत आहे." मी पण हात लावला. उन्हात उभी होती, टाकी चांगलीच तापली होती. नवीन विक्रांत २०२२ ला कोचीला नौदलात आली. तिच्यात असे बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत. आजोबांची चूल गेली.

मेडलांचं मात्र अजून बाकी होतं. नव्या फिती मी आणवल्या नाहीत. मुलाला राग आला असावा, त्याने फ्रेमचा विषय पुन्हा काढला नाही. डबा टाकून दिला होता, त्यामुळे मेडलं बरेच दिवस माझ्या टेबलाच्या खणात, पेनं आणि औषधांच्या पाकिटांत होती. बायकोला ते आवडत नव्हतं. तिचा मुद्दा टाकांचा होता. आमच्या तीन टाकांतला एक वीराचा आहे, कोणा पूर्वजाचा. कुठल्या गडावर मेला, कोणासाठी, किती मारले, कोणाला ठाऊक नाही. रोज त्याला गंध लागतं. "त्याला कोणी सर्टिफिकेट मागितलं नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, टाक मेलेल्याचा असतो, मेडल जिवंतपणी मिळालंय. ती म्हणाली, "आता मेले ना पण आबा."

गेल्या दिवाळीला मी बाजारातून आलो तर तिने सगळे देव पितांबरी लावून घासायला काढले होते. परातीत देव, आणि देवांतच ती पाचही मेडलं. चांदणीचा तांबूस रंग उजळून निघाला होता. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत आबांचा नंबर आणि नाव होतं, ते चिखलाने भरलं होतं, आता वाचता येत होतं. तिने देव पुसून जागच्या जागी बसवले आणि मेडलं खालच्या पायरीवर, शंखाच्या बाजूला ठेवली. मी काही म्हणणार एवढ्यात तीच म्हणाली, "शंख कुठनं आला? समुद्रातनंच ना? आणि लढाई सुरू करताना कोण वाजवत होतं?"

मी पिशवी खाली ठेवली आणि हातपाय धुवायला गेलो.